ताई, तुमची लाळेरी

ताई,

परवा तुमच्या साड्या वाटल्या. तेरावं झाल्यावर नोएडाच्या मामी म्हणाल्या, कपाट अडवून ठेवण्यात काय अर्थ आहे, कुणाच्या तरी अंगाला लागू देत. मी हो म्हटलं. त्यांनी तुमची ती फिकट आकाशी सुती साडी उचलली, घडी मोडली आणि तशाच थांबल्या. साडीच्या आत खोचायच्या टोकाला ताटलीएवढं गोल भोक होतं. फाटलेलं नाही, कसर लागलेली नाही. कात्रीनं नीट कापलेलं. त्यांनी दुसरी साडी उघडली. तिलाही तसंच. तिसरीला दोन.

"हे काय गं अनघा?" मामी म्हणाल्या. "कुमुदनं साड्या का कापल्या?"

आवाज ऐकून विनय आतून आला. त्यानं साडी हातात घेतली, भोकाच्या कडेवरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "जुईची लाळेरी." एवढंच म्हणून तो पुन्हा आत गेला. मला आधी हसू आलं आणि मग हसताहसता रडू आलं, आणि मामी बिचाऱ्या हातात साडी धरून आम्हां दोघांकडे बघत राहिल्या.

लाळेऱ्यांना कापड कुठलं, असं मी विचारायचे तेव्हा तुम्ही म्हणायचात, "घरात जुनं कापड पडलंय." मी ते खरं मानलं. तुम्ही नेसत्या साड्या कापत होता, हे मला माहीत नव्हतं. भोक खोचलेल्या भागात, वरून निऱ्या, पदर जागच्या जागी. म्हणजे तुम्ही मिनिस्ट्रीत जॉइंट सेक्रेटरीसमोर डिक्टेशन घ्यायला बसायचात, तेव्हा तुमच्या कमरेपाशी आपल्या जुईच्या लाळेऱ्याएवढी जागा रिकामी असायची. तुम्ही का कापल्यात तेही मला आता कळतंय. नवी साडी खरखरीत लागते, फार जुनी दोन धुण्यांत विरते. अंगावर वापरून मऊ झालेली, पण अजून दम असलेली, तीच लहान मुलाच्या गळ्याला चालते. आणि ती तर तुमच्या रोजच्या नेसण्यातलीच होती.

मी साताऱ्याहून लग्न होऊन आर. के. पुरमच्या तुमच्या क्वार्टरमध्ये आले तेव्हा मला तुमची भीती वाटायची. तुमचे आईवडील लागोपाठ गेले, विनय तेव्हा शाळेत होता, आणि तुम्ही स्टेनोच्या नोकरीवर त्याला मोठं केलंत, हे मला लग्नाआधी दहा जणांनी सांगितलं होतं. तुम्ही स्वतः मात्र कधी सांगितलं नाहीत. माझ्या हातची पहिली भाजी खाऊन तुम्ही म्हणाला होता, "चांगली आहे. मिठाचं उद्या बघू." मी आईला फोनवर सांगितलं, नणंद कडक आहे. पुढे आम्ही द्वारकेला फ्लॅट घेतला, तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं होतं. तुम्हांलाही वाटलं असेल. तुमच्या स्वयंपाकघरात माझे डबे तुम्हांला कधीच आवडले नाहीत.

मग जुई आली. वेळेच्या फार आधी आली. तिचा पहिला महिना हॉस्पिटलच्या काचेआड गेला. घरी आणलं तेव्हा ती एवढीशी होती की तिला उचलताना माझे खांदे दुखायचे, भीतीनं आखडून. ऑफिसातल्या मैत्रिणींनी गुरुग्रामच्या मॉलमधून बिब आणले होते. वर ससे-अस्वलं, खाली प्लॅस्टिकचा थर, मागं चिकटपट्टी. चार दिवसांत तिच्या हनुवटीखाली लाल चट्टे उठले.

तुम्ही शनिवारी आलात, तिला मांडीवर घेतलंत, हनुवटी वर करून बघितलीत.

"हे काढ," तुम्ही म्हणालात.

"ताई, हे हायजीनिक असतं. आतपर्यंत ओल जात नाही."

"आत जात नाही म्हणजे बाहेरच राहते. पोरीच्या गळ्याला."

पुढच्या शनिवारी तुम्ही कापडी पिशवीतून लाळेरी काढलीत. वरती मऊ सुती कापड, मधे जुन्या टॉवेलचा तुकडा, खाली पुन्हा सुती, कडेनं तिरप्या पट्टीची गोट. बाहेरचा गोल ताटलीवरून आखलेला, गळ्याचा आमटीच्या वाटीवरून. विनयला तो शब्दही माहीत नव्हता. दिल्लीत वाढलेला तुमचा भाऊ म्हणाला, "बिब म्हण ना, ताई." तुम्ही त्याच्याकडे न बघता म्हणालात, "आई तुला बांधायची तेव्हा लाळेरंच म्हणायची. तेव्हा तुला काही अडचण नव्हती."

पण त्या लाळेऱ्यांना मागं बांधायचे बंद होते, आणि ते मला पटेनात. एवढ्याशा गळ्याभोवती दोरी नको, झोपेत अडकली तर? तुम्ही म्हणालात, आमच्या सगळ्या पिढ्या बंदांवर वाढल्या. मी म्हटलं, असतील वाढल्या, माझ्या मुलीला नको. तुम्ही लाळेरी उचलून परत पिशवीत भरलीत. तेव्हा मला वाटलं, रागावलात. पण पुढची सगळी लाळेरी खांद्यावर टिचबटण लावून आली, ओढलं की सहज सुटणारं. त्याबद्दल तुम्ही चकार शब्द काढला नाहीत आणि मीही काढला नाही. आपलं असंच चालायचं. हरणारा बोलायचा नाही, आणि जिंकणाराही.

जुई दोन वर्षांची झाली. सोसायटीतल्या तिच्या बरोबरीच्या मुलांची लाळेरी सुटली. तिचं सुटेना. ती बसायला उशिरा शिकली, उभी राहीना. डॉक्टरांनी आम्हांला समोर बसवून सांगितलं की जन्माच्या वेळी मेंदूचा छोटासा भाग दुखावला गेला आहे. बुद्धी छान आहे. पण पायांचे, जिभेचे, ओठांचे स्नायू सांगितलेलं पटकन ऐकणार नाहीत. लाळ सगळ्यांनाच येते, आपण ती नकळत गिळतो. तिला ते शिकावं लागेल. किती वर्षं, ते सांगता येणार नाही.

मी तुम्हांला फोन केला. रडत सगळं सांगितलं. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत. मग तुम्ही विचारलंत, "गळ्याचं माप वाढलं असेल ना आता?"

त्या दिवशी मला त्या प्रश्नाचा राग आला होता, ताई. बाई आहे की दगड, असं वाटलं होतं. आता वाटतं, त्या दिवशी मला भेटलेल्या सगळ्या माणसांमध्ये तुम्हीच एक होता ज्यांना उद्या काय करायचं ते माहीत होतं.

तेव्हापासून तुमचा शनिवार पक्का झाला. आर. के. पुरमहून बसनं, मग मेट्रोनं, पिशवीत इस्त्री केलेल्या लाळेऱ्यांचा गठ्ठा. उन्हाळ्यात ती बाल्कनीत वाळून पापडासारखी कडक व्हायची आणि तुम्ही ती दोन्ही हातांनी चोळून मऊ करत बसायचात. जानेवारीत धुकं उतरलं की काहीच वाळायचं नाही. मी हीटरसमोर खुर्चीच्या पाठीवर ती ओळीनं टांगायचे, सगळ्या घराला आंबूस वास यायचा, आणि तुम्ही इस्त्री घेऊन एकेक कोरडं करायचात. जुई जमिनीवर बसून तुम्हांला ती निवडून द्यायची. निळं, पिवळं, फुलांचं. रंग ती त्यातूनच शिकली. तिला 'लाळेरं' म्हणता यायचं नाही, ती 'ळेलं' म्हणायची, आणि आपण दोघीही घरात 'ळेलं'च म्हणायला लागलो होतो.

मग शाळा आली, आणि आपलं खरं भांडण झालं.

त्याच्या आधी सोसायटीत एका वाढदिवसाला जुईला घेऊन गेले होते. एका मुलीनं तिच्या गळ्याकडे बोट दाखवून मला विचारलं, "आंटी, ये अभी भी बेबी है क्या?" तिच्या मनात काही वाईट नव्हतं, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. पण जुईनं ते ऐकलं. तिनं केकला हात लावला नाही. घरी येऊन तिनं स्वतःच टिचबटण ओढलं आणि लाळेरं पलंगाखाली टाकलं. मी ठरवलं, शाळेत लाळेरं नाही.

"पाच वर्षांची मुलगी लाळेरं घालून गेली तर पहिल्या दिवसापासून तिला बाळच ठरवतील," मी तुम्हांला म्हटलं.

"आणि ओल्या शर्टात बसली तर?"

"तिला गिळायची सवय लागायला हवी. डॉक्टरही तेच म्हणतात."

"लागेल तेव्हा लागेल. तोवर छाती ओली ठेवायची का?"

"ताई, तिची आई मी आहे."

तुम्ही चष्मा काढून डबीत ठेवलात. पिशवी उचललीत. "बिल्कुल," तुम्ही म्हणालात. "चलो, निघते मी." पुढचे काही शनिवार तुम्ही आला नाहीत. विनय आपल्या दोघींच्या मधे अडकून अगदी हैराण झाला होता.

शाळेच्या पहिल्या आठवड्यात जुई रोज छातीशी भिजून घरी यायची. वर्गात पंख्याखाली ओली बसून तिला खोकला झाला. टीचरनं डायरीत काही लिहिलं नाही, पण न्यायला गेले की माझ्याकडे बघून थोडं हसायची, ते मला टोचायचं. तरी मी माघार घेतली नाही. मला अजूनही वाटतं की वाढदिवसाच्या घरात जुईचा चेहरा मी पाहिला होता, तुम्ही नाही.

एका शनिवारी तुम्ही आलात. चहासुद्धा न घेता तुम्ही पिशवीतून शाळेच्या शर्टाचं तेच चौकड्यांचं कापड काढलंत. युनिफॉर्मच्या दुकानात जाऊन तागा उलगडायला लावून विकत घेतलं होतंत. त्याचं तुम्ही काहीतरी शिवलं होतं. कॉलर होती, पुढे दुहेरी कापड, आत टॉवेल, आणि ते शर्टावर घातलं की शर्टाचाच भाग वाटायचं. खरं सांगायचं तर वाटायचं नाही. पहिलं बघून विनय म्हणाला, "ताई, ही पोस्टमनची पिशवी वाटतेय." तुम्ही हसला नाहीत. ते उलटंसुलटं करून बघितलंत आणि म्हणालात, "अच्छा. खांदा उतरलाय."

मग तुम्ही जे केलंत ते मी विसरणार नाही. मी काही बोलायला तोंड उघडणार, तेवढ्यात तुम्ही मला हातानंच थांबवलंत आणि जमिनीवर जुईसमोर मांडी घालून बसलात. तुमचे गुडघे तेव्हाही दुखायचे.

"जुई, मी आणि आई भांडतोय," तुम्ही तिला म्हणालात. "पण घालायचं तुला आहे. तू सांग. घालायचं की नाही? आणि घालायचं तर कसं पाहिजे?"

जुईला शब्द जुळवायला वेळ लागतो. मला सवय होती तिचं वाक्य पुरं करायची. मी करायला गेले, तर तुम्ही माझ्याकडे अशी नजर टाकलीत की मी गप्प झाले. आपण थांबलो. बाहेरून भाजीवाल्याचा आवाज येत होता. शेवटी तिनं त्या चौकड्यांच्या कापडावर हात ठेवला आणि म्हणाली, "खि... सा."

"खिसा? कशाला?"

"रब... बर."

तिला खोडरबर ठेवायला खिसा हवा होता. वर्गात ते सारखं खाली पडायचं आणि तिला वाकून उचलता यायचं नाही.

तुम्ही खिसा लावलात. खांदा चार वेळा उसवलात. सोमवारी जुई ते घालून शाळेत गेली, आणि दुपारी कोरडी घरी आली, खिशात तिचं खोडरबर आणि दुसऱ्या कुणाचं तरी एक पेन्सिलचं टोक घेऊन. त्या आठवड्यात शेजारच्या बाकावरच्या मुलानं त्याच्या आईकडे खिशाचा हट्ट धरला, हे मला गेटवर कळलं. सगळं काही गोड झालं असं मी म्हणणार नाही. एक मुलगा तिला वर्षभर 'टपकू' म्हणायचा. जुई त्याला एकदा काहीतरी म्हणाली, काय ते टीचरनंही सांगितलं नाही, पण नंतर तो थांबला.

ताई, त्या भांडणाचा निकाल मात्र लागला नाही. तुम्ही म्हणत होता, आधी कोरडं ठेवू. मी म्हणत होते, आधी मोठं होऊ देऊ. तुम्ही शिवलंत त्यात दोन्ही बसलं, म्हणून आपण परत कधी बोललो नाही. पण मला बोलायचं होतं. दुपारच्या चहाला तुम्ही समोर असताना मला म्हणायचं होतं की मीही अगदीच चुकत नव्हते, आणि तुम्ही "हूं" म्हणाला असतात, त्या 'हूं'चा अर्थ लावत मी आठवडा काढला असता. ते राहिलं.

फिजिओथेरपीच्या सेंटरमध्ये बाकावर बसलेल्या आयांनी जुईचा तो खिसा बघितला आणि तुम्हांला विचारलं, दीदी, हमें भी बना दोगी? तुम्ही आधी म्हणालात, मी काय टेलर आहे? मग पुढच्या वेळी पिशवीत कात्री, पट्टी आणि कापड घेऊनच आलात. पण शिवून दिलं नाहीत, शिकवलंत. मुलं आत व्यायाम करायची आणि बाहेर तुम्ही नजफगढच्या, पालमच्या बायकांना हिंदीत सांगायचात, खांदा इथून मोजा, आणि आधी मुलाला विचारा. "पूछो पहले," हे तुमचं वाक्य तिथं सगळ्यांना पाठ झालं होतं.

जुई हळूहळू शिकली. स्ट्रॉनं प्यायला, शिट्टी फुंकायला, गिळायला. चौथीत असताना एका सकाळी तिनं सांगितलं की आजपासून नको. तुम्ही शनिवारी नवी तीन घेऊन आलात तेव्हा ती बाल्कनीत रेलिंगला धरून उभी होती, गळा मोकळा. तुम्ही दारातूनच तिच्याकडे बघितलंत. मग पिशवी खुर्चीखाली सरकवलीत आणि म्हणालात, "अनघा, आज चहात आलं जास्त घाल." तुम्हांला काय वाटलं, हे मी विचारायला हवं होतं. आनंद तर झालाच असेल. पण इतक्या वर्षांचा शनिवार संपला, त्याचंही काही वाटलंच असेल ना? माझ्या तोंडून आभाराचा शब्दसुद्धा निघाला नाही. निघाला असता तर तुम्ही म्हणाला असतात, मी काय बाहेरची आहे?

रिटायर झाल्यावर क्वार्टर सोडून तुम्ही आमच्याकडे आलात. यावेळी आपले डबे एकाच फळीवर राहिले, फारसं काही बिघडलं नाही. गेल्या दिवाळीनंतर तुम्हांला झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. बोलणं गेलं असं आम्हां सगळ्यांना वाटलं. तुम्ही काहीतरी म्हणायचात, तोंडातून आवाज यायचा, पण शब्द लागायचे नाहीत. ठेवलेली आया तुम्हांला प्लॅस्टिकचा बिब बांधून भरवायची आणि तुम्ही डाव्या हातानं तो ओढत राहायचात. आम्ही पाणी द्यायचो, उशी सरळ करायचो, पंखा कमी करायचो. तुम्ही डोळे मिटून घ्यायचात.

एका दुपारी जुई शाळेतून आली आणि दप्तरासकट तुमच्या पलंगाशी बसली. तुम्ही आवाज काढलात. मी म्हटलं, "पाणी हवंय का, ताई?"

"आई, थांब ना," जुई म्हणाली. "आत्या बोलतेय."

ती थांबली. तुमच्या तोंडाकडे बघत, अजिबात घाई न करता. तुम्ही पुन्हा प्रयत्न केलात, मग पुन्हा. तिनं मान हलवली.

"प्लॅस्टिक टोचतंय म्हणते. आणि ती पाणी मागतच नव्हती."

मी तोंड फिरवलं, तुम्हांला डोळे दिसू नयेत म्हणून. तुमचं बोलणं गेलंच नव्हतं, ताई. ते फक्त जुईसारखं झालं होतं. आणि तसं बोलणं आतून कसं असतं हे आमच्या घरात तिला एकटीलाच माहीत होतं. त्या दिवसापासून ती तुमची दुभाषी झाली. डॉक्टरांशीसुद्धा तीच बोलायची, तिच्या संथ, जड शब्दांत. डॉक्टरांना दोघींसाठी थांबावं लागायचं, आणि ते थांबायचे.

त्या संध्याकाळी मी पहिल्यांदा तुमच्या मशीनवर बसले. माझीच एक जुनी साडी घेतली, तुमच्यासाठी पुढून बंद होणारं, ब्लाउजच्या रंगाचं मोठं लाळेरं शिवलं. शिवण सापासारखी वळत गेली होती. तुम्हांला घातलं तेव्हा तुम्ही डाव्या हातानं ते ओढलं नाहीत. कडेवरून बोटं फिरवलीत, खालपर्यंत, आणि काहीतरी म्हणालात. जुई खो-खो हसायला लागली.

"काय म्हणते?"

"टाका मोठा आहे म्हणते. उसव."

मी उसवलं. तीनदा उसवलं. तुमच्या हाताखाली मी शिवण शिकले, ताई, तेही तुमचा हात चालत नसताना, तेरा वर्षांच्या मुलीच्या तोंडून. तो हिवाळा घरात आजारपण होतं, तरी तो हिवाळा वाईट गेला असं मला म्हणवत नाही.

शेवटच्या रविवारी तुम्ही जुईशी बराच वेळ बोलत होता. मी स्वयंपाकघरातून बघत होते. ती तुमच्या अगदी जवळ वाकली होती, मधूनमधून मान हलवत होती, एकदा दोघी हसलात, मग ती गंभीर झाली आणि तिनं तुमचा हात धरून ठेवला. बुधवारी दुपारी, ऊन पलंगावर आलेलं असताना, झोपेतच तुम्ही गेलात.

सगळं आटोपल्यावर मी जुईला विचारलं, आत्या त्या दिवशी काय म्हणत होती? तिनं थोडा विचार केला आणि म्हणाली, "ते मी तुला सांगणार नाहीये. ते मला सांगितलंय." मी पुन्हा विचारलं नाही. आधी वाईट वाटलं, मग वाटलं, बरं झालं. तिच्या वाट्याला सगळं आमच्यामार्फतच यायचं. हे सरळ तिच्याकडे आलं.

आज ती शाळेतून नेहमीपेक्षा उशिरा आली. व्हॅन चुकवली होती, मुद्दाम. मेट्रोनं आली, एकटी, काठी घेऊन, गर्दीतून. मी सोसायटीच्या गेटवर उभी होते. ती घामेजली होती आणि चेहरा नुसता फुलला होता.

मी रागवायच्या आत तिनं हात वर करून मला थांबवलं. मी थांबले. तिनं दम घेतला आणि एकेक शब्द लावत म्हणाली, "आई, आत्यानं सांगितलेल्यातलं एक काम झालं. अजून पुष्कळ आहेत."